बागेत काही खाऊ नये

नव्या गृहप्रकल्पाचं माहितीपत्रक उघडलं की आधी बाग दिसते, घर नंतर. बागेत पांढऱ्या कपड्यांतली एक बाई अनवाणी चालत असते, एक मुलगा फुगा घेऊन पळत असतो आणि एक आजोबा बाकावर बसून हसत असतात. कशाला हसतात ते कळत नाही. बहुधा त्यांना अजून मेंटेनन्सचं बिल आलेलं नसतं. या बागेत डास नसतात, पाचोळा नसतो आणि माळीही नसतो. पुढे ताबा मिळतो तेव्हा त्या तिघांपैकी कोणीच राहायला येत नाही. येतात ते रॉयल पाम. मुळात क्युबाकडचं हे झाड पुण्यात बिल्डरच्या फाटकाशी दोन्ही बाजूंनी ताठ उभं असतं. सावली देत नाही, त्याच्या खाली कोणी बसत नाही, आणि एखाद्या दिवशी पुरुषभर उंचीची झावळी कोणाच्या तरी बॉनेटवर टाकून आपण जिवंत असल्याचं कळवतं.

पामानंतरचा संच सगळीकडे एकच. मध्ये हिरवळ, कडेने पिवळट दुरंताचं कुंपण, कोपऱ्यात दोन-चार सायकस आणि सिमेंटचा ससा. ससा म्हणजे कचरापेटी. तो आ वासून उभा असतो आणि पोटावर ‘मला वापरा’ असं लिहिलेलं असतं. शेजारी पाटी असते : ‘बागेत खाद्यपदार्थ खाऊ नयेत.’ ही पाटी भेळ खाणाऱ्यांसाठी आहे असं वरवर वाटतं. खरं तर ती अख्ख्या सृष्टीला उद्देशून आहे. अळीने पान खाऊ नये, पाखराने फळ खाऊ नये, वाळवीने लाकूड खाऊ नये. सगळ्या बागेत खायची परवानगी काय ती एकट्या सिमेंटच्या सशाला.

आमच्या सोसायटीत हा कारभार वर्षानुवर्षं सुरळीत चालला होता. मग व्हॉट्सॲपवरून जैवविविधता आली. वार्षिक सभेत लिफ्ट, लीकेज आणि पार्किंग हे तीन सनातन विषय संपल्यावर सी-विंगमधली एक मुलगी उभी राहिली. ही मुलगी आयटीत आहे आणि रविवारी कॅमेरा घेऊन टेकडीवर पालथी पडलेली असते. म्हणाली, “काका, आपल्या बागेत एकही फुलपाखरू येत नाही.”

“वॉचमनशी बोलतो,” चेअरमन म्हणाले.

वॉचमनचा यात दोष नसल्याचं तिने समजावलं. मग प्रोजेक्टर लागला. महाराष्ट्राने २०१५ साली ब्लू मॉरमॉन हे राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलं आणि असं करणारं ते देशातलं पहिलं राज्य ठरलं, हे ऐकताच सभा ताठ बसली. पहिलं म्हटल्यावर आमच्याकडे विरोध मावळतो. काळ्या मखमली पंखांवर निळी झाक मारणारं ते फुलपाखरू पडद्यावर दिसलं आणि ‘सोसायटीच्या बागेत फुलपाखरांना आमंत्रित करण्यात यावं’ असा ठराव एकमताने मंजूर झाला. आमच्याकडे एकमताने मंजूर झालेला ठराव म्हणजे कोणीच नीट न ऐकलेला ठराव. फुलपाखरांना मुलंबाळं असतात, हा मुद्दा त्यात नव्हता.

पहिलं आमंत्रण स्वीकारलं गेलं ते तळमजल्यावरच्या काकूंच्या कढीपत्त्यावर. या कढीपत्त्यावर निम्म्या बी-विंगची फोडणी चालते. लिंबू, पपनस, कढीपत्ता ही सगळी एकाच कुळातली मंडळी. ब्लू मॉरमॉन लिंबाच्या भाऊबंदांवर अंडी घालतं, आणि त्याचे चुलतभाऊ कॉमन मॉरमॉन आणि लाइम बटरफ्लाय कढीपत्त्यावरही खूश असतात. एका सकाळी काकूंना पानावर चिमणीची शीट दिसली. काळपट-तपकिरी, मध्ये पांढरा पट्टा, वर ओलसर चकाकी. फडकं घेऊन पुसायला गेल्या तर शीट चालायला लागली.

पाखरांनी आपल्याला खाऊ नये म्हणून बाळपणी शीट होऊन राहायचं, हा या अळ्यांचा बंदोबस्त आहे. चार-दोन वेळा कात टाकल्यावर ती हिरवीगार होते, पानाच्या मधल्या शिरेवर अशी चिकटून बसते की नाकाशी नेलं तरी कळत नाही. काकूंनी तिला झाडूच्या काडीने टोचलं. तेव्हा डोक्यामागून एक तांबूस, ओलं, बेचक्यासारखं शिंग बाहेर आलं आणि सडक्या लिंबाचा भपकारा सुटला. काकू दोन पावलं मागे सरल्या, अळीने शिंग आत घेतलं आणि पुन्हा पानाच्या कडेवरून वरून खाली, वरून खाली खायला सुरुवात केली. पान संपवायची तिची पद्धत फार नीटनेटकी असते. शेवटी मधली शीर तेवढी उरते.

“काकू, मारू नका हं! ती कॉमन मॉरमॉन आहे,” वरून ओरडा आला.

“कोणाची का असेना, माझ्या कढीपत्त्यावर नको!”

आमच्या बागकारणाचं सार या एका वाक्यात आहे. बागेची पंगत आम्हाला मांडायची असते, पण पाहुण्यांनी नटूनथटून यावं, फोटो काढू द्यावा आणि न जेवता घरी जावं अशी अपेक्षा असते. भोक पडलेलं पान म्हणजे कोणीतरी जेवून गेल्याची खूण. नर्सरीत मात्र लोक भोक पडलेलं रोप नापास करतात आणि औषध मारलेलं, चकचकीत, एकाही किड्याने ज्याची चव घेतलेली नाही असं रोप उचलतात. काकूंचं प्रकरण पुढे तडजोडीवर मिटलं. झाडाची पूर्वेकडची बाजू अळ्यांची, पश्चिमेकडची पोह्यांची. हा तह अळ्यांना वाचून दाखवलेला नाही, पण काकू रोज सकाळी सीमोल्लंघन करणाऱ्यांना उचलून पूर्वेला नेऊन ठेवतात. नेताना त्यांच्याशी बोलतातही. काय बोलतात ते इथे लिहिण्यासारखं नाही.

खरं तर आमच्या बागेत सर्वांत जास्त फुलं खाणारा प्राणी अळी नव्हेच. तो पहाटे साडेपाचला येतो, त्याच्या डोक्यावर माकडटोपी असते, एका हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि दुसऱ्यात लांब काठीला बांधलेली आकडी. देवपूजेसाठी म्हटलं की मालकीचा प्रश्न संपतो. मधमाशी उठायच्या आत जास्वंदीचं झाड रिकामं. सी-विंगच्या मुलीने एकदा त्यांना नम्रपणे सांगितलं, “काका, शिंजीर येतो हो या फुलांवर.” काका म्हणाले, “मग त्याला सांग, लवकर उठ.”

शिंजीर काही साधा नाही. जास्वंदीच्या पुढच्या दाराने गेलं तर परागकण अंगाला लागतात आणि झाडाचं काम करावं लागतं. म्हणून पुष्कळदा तो फुलाच्या देठापाशी चोचीने भोक पाडून मध मागच्या मागे ओढतो. पुण्यात इतकी वर्षं राहिल्यावर शॉर्टकट सापडायचाच. पण तोही साध्या, एकेरी पाकळ्यांच्या जास्वंदीवर रमतो. शोभावाद्यांची आवडती जास्वंद ती दुहेरी, कोबीच्या गड्ड्याएवढी. त्या भरगच्चपणात पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, त्यामुळे परागाच्या नावाने शंख. मधमाशी येते, पाकळ्यांच्या घड्यांत शिरते, खूप शोधते आणि हात हलवत परत जाते. लग्नाच्या हॉलला बाहेरून रोषणाई आणि आत स्वयंपाकच नाही, हा अनुभव तिला हायब्रिड गुलाबातही येतो. तरी सौंदर्य आणि उपयोग यांत कायमचं वैर आहे, असं मी म्हणणार नाही. एकेरी जास्वंद दिसायला काय वाईट आहे? आमचे डोळे थोडे दिवाळखोर झालेत इतकंच. पाकळ्या मोजून सौंदर्य ठरवतात.

हिरवळीचं प्रकरण त्याहून महाग आहे. ही कल्पना इंग्लंडची, जिथे बारा महिने थोडा थोडा पाऊस पडतो आणि गवत आपसूक हिरवं राहतं. आमच्याकडे पाऊस चार महिन्यांत हिशेब चुकता करून जातो आणि उरलेले आठ महिने टँकर. तिकडच्या ‘प्लांटलाइफ’ या संस्थेने २०१९ साली ‘नो मो मे’ म्हणजे मे महिन्यात गवत कापू नका, रानफुलं येऊ द्या, अशी मोहीम काढली. सी-विंगने ती आमच्या ग्रुपवर टाकली. चेअरमननी लगेच पाठिंबा दिला. मे महिन्यात आमच्या लॉनचं होतं करपलेलं पायपुसणं. तेव्हा न कापण्याचं पुण्य फुकटात पडत होतं.

या हिरवळीत आमचे माळीमामा वर्षभर उकिडवे बसून एकच काम करतात. विकतच्या मेक्सिकन गवतात घुसलेली हरळी उपटायची. सपाट, एकसारखा गालिचा हवा ना! हरळी ढिगाने उपटली जाते, कचऱ्याच्या गाडीत जाते, आणि भाद्रपद आला की हीच सोसायटी मंडईत रांग लावून एकवीस-एकवीसच्या जुड्या विकत आणते. कारण तेव्हा तिचं नाव दूर्वा असतं. आघाड्याचं तसंच. कुंपणाच्या फटीत उगवला की तण, हरतालिकेच्या पत्रीत आला की पुण्य. ट्रान्सफॉर्मरमागे रुईचं झुडूप होतं. ‘अस्वच्छ दिसतं’ म्हणून चेअरमननी शुक्रवारी काढायला लावलं आणि शनिवारी सकाळी कोपऱ्यावरच्या मारुतीला रुईच्या पानांचा हार घातला. मामांनी मला विचारलं, “साहेब, त्यो हार मी इथनंच करून दिला असता की.” मामांना कमिटीवर का घेत नाहीत, ते अशा वेळी कळतं.

त्या रुईवर प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या होत्या. पट्टेरी, काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या, लपायचं नावही न घेणाऱ्या. लपायची गरजच नसते. रुईच्या चिकातलं विष पचवून त्या स्वतःच कडू होतात आणि पुढे फुलपाखरूही कडूच निघतं. एखाद्या नवशिक्या पाखराने खाल्लं की ओकून टाकतं आणि आयुष्यभर तांबूस पंखांच्या वाटेला जात नाही. या दबदब्याचा फायदा घ्यायला डॅनेड एगफ्लायची मादी, जी मुळीच कडू नाही, हुबेहूब तोच वेष करून हिंडते. राजकीय पक्षांच्या कार्यालयात ही माहिती लावून ठेवण्यासारखी आहे.

आता कोणी म्हणेल, म्हणजे देशी ते चांगलं आणि परदेशी ते वाईट, असंच ना? शोभेपेक्षा उपयोग पाहणाऱ्या आमच्या पक्षात अशी एक कडवी शाखा आहे खरी. तिचं चाललं तर ती गुलमोहराला मादागास्करचं परतीचं तिकीट काढून देईल. तिच्या हाती पुरावेही भक्कम आहेत. घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेचं झाड म्हणून आली आणि पुढे जंगलंच्या जंगलं गिळून बसली. जलपर्णीही अशीच जांभळ्या फुलांवर भाळून आणलेली दक्षिण अमेरिकेची पाहुणी. आज मुळा-मुठा आणि पवनेत तिची हिरवळ पाहावी! एवढं एकसारखं लॉन आम्हाला लाखभर रुपये घालूनही जमलं नाही, आणि महापालिका ते काढायला दरवर्षी पैसे मोजते. तरी पण आमच्या कुंपणाचा दुरंता मीच काढू दिला नाही. तोही अमेरिकेकडचाच, पण त्याचा अपराध एवढाच की त्याला दर पंधरवड्याला कात्री लागते आणि बिचाऱ्याला फूल म्हणून येत नाही. मामा गावी गेले तेव्हा कात्री चुकली, दुरंताला जांभळे घोस लोंबले आणि फुलपाखरांनी तिथे जी गर्दी केली, ती आमंत्रण देऊन बोलावलेल्या बागेतही झाली नव्हती. जैवविविधतेसाठी आमच्या सोसायटीने आजवर केलेलं सर्वांत मोठं कार्य म्हणजे मामांची रजा.

पाचोळ्यावर मी फार बोलत नाही, कारण तिथे माणसं हमरीतुमरीवर येतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यावर बंदी घालून साध्या जाळण्यालाही ५,००० रुपये दंड लावला, तेव्हापासून आमच्याकडे पाचोळा जळायचा थांबला. आता तो पहाटे, अंधारात, आपोआप पेट घेतो. तो झाडांच्या बुडाशीच पसरून ठेवा, माती ओली राहते, गांडुळं येतात, असं सुचवलं की “साप येतील” हे उत्तर तयार. गंमत म्हणजे हीच मंडळी मुलाकडे अमेरिकेला जातात तेव्हा न्यूयॉर्कच्या हाय लाइनवर आवर्जून जातात. जुन्या, उंचावरच्या रेल्वेमार्गावर २००९ पासून खुली होत गेलेली ही बाग. तिची लागवड पीट औडॉल्फ या डच माणसाने योजली. वाळलेली बोंडं आणि तपकिरी गवत हिवाळाभर मुद्दाम उभं ठेवतात, त्यातही रूप असतं म्हणून. आमचे चेअरमन त्या वाळक्या गवताशेजारी उभे असल्याचा फोटो ग्रुपवर आला होता. ‘व्हॉट अ ब्यूटी!’ परत आल्यावर दुसऱ्या दिवशी मामांना हुकूम : “ते वाळलेलं सगळं काढून टाका.”

या सगळ्यात कस लागला तो उंबरामुळे. पार्किंगच्या भिंतीच्या फटीत कुठल्याशा पाखराच्या कृपेने उंबर उगवला आणि बघता बघता मनगटाएवढा झाला. शोभेच्या परीक्षेत उंबर नापास. त्याचं फूल दिसतच नाही. ते असतं फळाच्या आत. एवढीशी गांधीलमाशी फळाच्या टोकावरच्या भोकातून आत शिरते तेव्हा परागीभवन होतं, आणि ही माशीही उंबराची ठरलेली, वडाची वेगळी, पिंपळाची वेगळी. उपयोगाच्या परीक्षेत मात्र तो पहिल्या वर्गात, कारण फळं लागली की हरियालपासून वटवाघळापर्यंत सगळे हजर. हरियाल महाराष्ट्राचा राज्यपक्षी. पण तो आधी उंबर खातो आणि मग काय करतो, हे उंबराखाली गाडी लावणाऱ्याला विचारावं. स्ट्रक्चरल इंजिनिअर असलेल्या सभासदाने भिंत जाणार म्हणून सांगितलं. १९७५ च्या झाडांच्या कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागेल, असं सेक्रेटरींनी वाचून दाखवलं. सगळं तोडण्याच्या बाजूने चाललेलं असताना मागच्या रांगेतल्या आजी फक्त एवढंच म्हणाल्या, “दत्ताचं झाड आहे.”

सभा शांत. परिसंस्थेवरच्या दीड तासाच्या स्लाइड शोने जे झालं नाही, ते तीन शब्दांत झालं. इंजिनिअर स्वतः उठले आणि भिंतीलाच वळसा कसा घालता येईल, ते कागदावर काढायला लागले.

त्या रात्री सी-विंगच्या मुलीला काहीतरी उमगलं असावं. तिने मला एक जुना लेख पाठवला. जोन नॅसॉअर या अमेरिकन लँडस्केप आर्किटेक्ट बाईंनी १९९५ मध्ये लिहिलेला. बाईंचं म्हणणं असं की लोकांना रान खुपत नाही, खुपतो तो बेवारसपणा. रानटी वाढलेल्या तुकड्याभोवती कापलेल्या गवताची पट्टी ठेवा, छोटं कुंपण घाला, कोणीतरी लक्ष देतंय एवढं दिसू द्या. मग आतला पसारा लोक सहन करतात, वर कौतुकही करतात. अस्ताव्यस्त निसर्गाला नीटनेटकी चौकट. मला हे वाचून बाईंबद्दल आदर वाटला, पण थोडी कीवही आली. त्यांना यासाठी संशोधन करावं लागलं. पुण्यात जन्मल्या असत्या तर त्यांनी सरळ पाटी लावली असती.

आम्ही तेच केलं. ट्रान्सफॉर्मरमागे, जिथे रुईने मुळापासून पुन्हा डोकं वर काढलं होतं, तिथे विटांची तिरपी कड लावली, तिला गेरू फासला आणि आत जे उगवेल ते उगवू दिलं : रुई, आघाडा, तेरडा, माका, हरळी. मजकुरावर उपसमिती बसली. मंजूर झालेल्या पाट्या अशा. एक : ‘हे रान नाही. रान असतं तर तुम्ही इथपर्यंत आला नसता.’ दोन : ‘पानांना भोकं आहेत हे आम्हाला माहीत आहे. कळवू नये.’ तिसरी पाटी होती, ‘अळ्या या सोसायटीच्या सभासद आहेत. मेंटेनन्स भरत नाहीत, पण तो दुसऱ्या मजल्यावरचेही भरत नाहीत.’ तिचं उत्तरार्ध दुसऱ्या मजल्याच्या हरकतीमुळे गाळण्यात आलं. उत्तरार्ध पुल्लिंगी की नपुंसकलिंगी, यावर एक बैठक वेगळी झाली.

परिणाम विलक्षण झाला. ज्या तुकड्याकडे नाक मुरडून लोक जात होते, तिथे आता नातवंडांना घेऊन थांबतात. “हात नाही लावायचा हं, जेवतीये ती.” आकडीवाले काकासुद्धा विटांच्या कडेपाशी आकडी आवरती घेतात, दूर्वा मात्र वाकून तोडतात, पण त्या मामा तोडतच होते. चेअरमन पाहुण्यांना सर्वप्रथम ट्रान्सफॉर्मरमागे नेतात आणि ‘आमचं फुलपाखरू उद्यान’ असं, रुई आपणच लावल्यासारखं, दाखवतात. शनिवारचा हारही हल्ली विकत येत नाही.

पाटीची ही ताकद एकदा ध्यानात आल्यावर चेअरमन गप्प बसणं शक्य नव्हतं. ए-विंगची उत्तरेकडची भिंत गळतीमुळे कायम ओली असते. तिच्यावर हिरवंगार शेवाळ धरलंय, मध्ये मध्ये नाजूक नेचे उगवलेत, खरंच देखणे आहेत. वॉटरप्रूफिंगचा अर्ज कमिटीकडे जुना होऊन पडला होता. परवा सकाळी त्या भिंतीखाली विटांची तिरपी कड दिसली, ताजा गेरू दिसला आणि वर पाटी : ‘शेवाळ व नेचे संवर्धन क्षेत्र. दुरुस्तीस मनाई.’

ए-विंगमधले अर्जदार तरातरा खाली आले. “साहेब, आणि आमच्या बेडरूममध्ये आतून जे उगवलंय, त्याचं काय?”

चेअरमननी पाटीवरचा गेरूचा डाग रुमालाने पुसला. “आतली पाटी सभासदाने स्वखर्चाने लावायची,” ते म्हणाले. “मजकूर तेवढा कमिटीकडून मंजूर करून घ्या.”